पाल्याचं वजन

तुळशीला मंजिऱ्या आल्या की त्या खुडायच्या, म्हणजे झाड भरपूर पानं धरतं, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असतं. कुणी मुद्दाम शिकवत नाही, आजीच्या हातांकडे बघून कळतं. गांजा लावणाऱ्या माणसाची सगळी धडपड याच्या नेमकी उलट असते. त्याला पाला नको असतो. त्याला हवी असते घट्ट, जड, चिकट कळी, जिच्यात पान शोधावं लागेल.

कारण साधं आहे. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, सगळ्यात जास्त साठतं ते मादीच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींमध्ये. पानांवर ते कमी, मोठ्या पानांवर तर फारच थोडं. नराचा पराग मादीपर्यंत पोचला की ती बी धरते. नाही पोचला तर ती फुलत राहते आणि चीक वाढवत राहते. हे ज्ञान इंटरनेटवर जन्मलेलं नाही. आज बांगलादेशात असलेल्या नौगावच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात गांजाची सरकारमान्य शेती होती. तिथे 'पोद्दार' नावाचा जाणकार शेताशेतातून फिरायचा आणि नर झाडं हेरून उपटायला सांगायचा. इंग्रजी कागदपत्रांत त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हटलंय. आपल्या मुंबई इलाख्यातही अहमदनगर, सातारा, खानदेश या भागांत हे पीक निघायचं, आणि त्याचीही नोंद सरकारदरबारी होती.

मुंबईच्या उपनगरात कॉलेजात गेलेल्या कुणालाही ही प्रतवारी वेगळी सांगावी लागत नाही, मग तो ओढत असो वा नसो. कट्ट्यावर कान उघडे असले की पुरे. नुसत्या काड्या-बिया-पाला निघाला तर तो कचरा. पाला कमी असेल तर बरा माल. विमानाने येतो तो 'हायड्रो', म्हणजे मातीशिवाय, पाण्यात आणि दिव्याखाली वाढवलेला, आणि त्यात पाला नसतोच. मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे या विषयावर बोलणं मला जरा सोपं जातं. तेवढं वजा करून वाचा.

मला छळणारा प्रश्न ओढण्याचा नाही, तराजूचा आहे.

१९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजाची व्याख्या अशी: गांजाच्या झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे, बिया आणि पानं त्यात धरायची नाहीत, जर ती शेंड्यांसोबत नसतील तर. ही शब्दरचना १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली. पान वगळण्यामागे भारतासारख्या देशांचा आग्रह होता, कारण पान म्हणजे भांग, आणि भांग म्हणजे महाशिवरात्र, होळी, बनारस. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात आजही भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. (महाराष्ट्रात पानालाही मोकळीक नाही. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांग येते. पण तो गुन्हा खालच्या पायरीवरचा आहे.)

आता ती शेवटची अट पुन्हा वाचा. पान एकटं असेल तर ते गांजा नाही. तेच पान शेंड्याच्या सोबत सापडलं तर गांजा. पानात काही बदललं नाही, फक्त सोबत बदलली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. इथे ती पानाला लागू झाली आहे. आणि माणसाचा तुरुंगवास त्यावर ठरतो, कारण कायदा पुढे काय बघतो तर वजन.

एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण: कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. त्यात जामीन जवळपास अशक्य, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला जागा आहे, याबद्दल न्यायाधीशाची आधी खात्री पटावी लागते. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत.

आता दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. दोघंही काल्पनिक आहेत, पण अशक्य नाहीत. पहिला आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून गोण घेऊन निघालेला हमाल. विशाखापट्टणमहून कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरतो. गोणीत बावीस किलो माल आहे, त्यात काड्या आहेत, बिया आहेत आणि भरपूर पाला आहे, कारण तो माल शेतातून उपटून, वाळवून, दाबून भरलेला आहे. माल त्याचा नाही, त्याला फेरीचे पैसे मिळणार आहेत. दुसरा अंधेरीतला एक मुलगा. त्याच्या बॅगेत बँकॉकहून आलेली दोनशे ग्रॅम घट्ट कळी आहे, काचेच्या बरणीत, एकही पान नसलेली. सहारच्या विमानतळावर हा माल वारंवार पकडला जातो आणि कस्टम्स त्याची किंमत किलोला कोटीच्या घरात लावतं.

पहिल्याला किमान दहा वर्षं. दुसऱ्याला जास्तीत जास्त एक. गोणीतला पाला आणि काड्या बाजूला काढल्या तर पहिला कदाचित वीस किलोच्या खाली येईल. पण शेंडे आणि पानं एकत्र असल्याने पाला तराजूत बसतो. म्हणजे माल जितका निकृष्ट, तितका गुन्हा जड. आणि निकृष्ट माल कोण वाहतं, हे सांगायला नको.

हा मुद्दा वकिलांनाही अर्थातच दिसतो. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना व्याख्येवर बोट ठेवलं: शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया म्हणजे गांजा नव्हे. असा युक्तिवाद आता अनेक प्रकरणांत होतो. पंचनाम्यात नुसतं 'हिरवट पाल्यासारखा पदार्थ' लिहिलेलं असतं, प्रयोगशाळेच्या अहवालात शेंड्यांचा उल्लेख येतो, मग वजन नेमकं कशाचं केलं? प्रश्न बिनतोड आहे. पण तो विचारायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. शिवाय हा प्रश्न कोर्टापुढे पोचेपर्यंत माणूस आत असतो.

तराजू असा का? कुणी म्हणेल, कायदा ढोबळच असणार, प्रत्येक पान कोण निवडत बसेल? हे उत्तर मला पटलं असतं, पण इतिहास आड येतो. नौगावच्या गांजाचे तीन प्रकार विकले जायचे: पायांनी तुडवून केलेला चपटा, गुंडाळून केलेला गोल, आणि काड्यांपासून सुटलेला चूर. इंग्रज सरकार तिन्हींवर वेगळा कर लावायचं. चपट्यात काड्या जास्त, म्हणून कर कमी. गोलवर जास्त. चूरवर सर्वात जास्त. १८९३ साली नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या, त्यातही हा सगळा तपशील आहे. (माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, बंदी नको, नियंत्रण आणि कर असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.) साहेबाला न्यायाची चाड होती म्हणून त्याने हे केलं असं नाही, त्याला महसूल हवा होता. पण पैसे घ्यायचे होते तेव्हा सरकारला काडी आणि कळी यांतला फरक नीट कळत होता. तुरुंगात टाकायची वेळ आली तेव्हा तो कळेनासा झाला.

आजचंही एक उदाहरण आहे. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला. सार्वजनिक ठिकाणी तीस ग्रॅम सुका गांजा बाळगता येतो, आणि बाकी रूपांसाठी कायद्यातच कोष्टक आहे: एक ग्रॅम सुका म्हणजे पाच ग्रॅम ओला, पंधरा ग्रॅम खाद्यपदार्थ, पाव ग्रॅम अर्क. कोष्टक अगदी अचूक आहे असं मी म्हणत नाही. पण नुसतं वजन म्हणजे गुन्ह्याचं माप नव्हे, एवढं तरी त्यात मान्य केलंय.

इथवर वाचून वाटेल की मी घट्ट कळीची वकिली करतोय. नाही. उलट मला ती पाल्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

२०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास आला. ज्यात टीएचसीचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त आहे असा गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सायकोसिसची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. सायकोसिस म्हणजे वास्तवाचा धागा सुटणं, नसलेले आवाज ऐकू येणं. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण 'झाड आहे, नैसर्गिक आहे, शंकराचा प्रसाद आहे' हे म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं की त्याच्या हातातली कळी आणि भांगेच्या गोळीतलं पान यांच्यात निवडीच्या कितीतरी पिढ्यांचं अंतर आहे.

आणि ही कळी इतकी घट्ट व्हायला बंदीनेच हातभार लावला. चोरून न्यायची वस्तू लहान असावी लागते. गोणभर पाला लपवायचा की मूठभर कळी? दारूबंदी आली की बिअर मागे पडते आणि कडक दारू पुढे येते, तसंच हे. म्हणजे कायद्याने दोन गोष्टी एकदम केल्या. सौम्य आणि पसरट वस्तू वाहणाऱ्या माणसाला जास्त शिक्षा ठेवली, आणि तीव्र वस्तू बनवणाऱ्याला धंद्याचं कारण पुरवलं.

बोरिवली पूर्वेला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने या सगळ्यातून स्वतःपुरती वाट काढायचं ठरवलं होतं. इमारत सात मजली, तो वरच्या मजल्यावर, गच्चीवर त्याच्या आईच्या कुंड्या. त्याचं म्हणणं असं: "मी विकत घेतो तेव्हा मलकानगिरीपासून कुर्ल्यापर्यंत कुणाकुणाची मान अडकते, मला माहीत नाही. माझ्यामुळे कुणीतरी दहा वर्षं आत जाणार आणि मी इथे बसून गाणी ऐकणार. त्यापेक्षा एक झाड लावतो. विकत घेणार नाही, विकणार नाही, कुणाला देणार नाही. मग कुणाचं काय बिघडलं?"

मला हा प्रश्न हसण्यावारी न्यावासा वाटला नाही. हजारो जण ओढतात, पण आपला धूर कुणाच्या जिवावर येतो हा विचार करणारे किती? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली मांडलेलं तत्त्व, ज्याच्यावर आपले आगरकर पोसले, तेही त्याच्या बाजूचं आहे: माणसाच्या ज्या कृतीचा परिणाम फक्त त्याच्यावर होतो, तिथे समाजाने हात घालू नये.

आधी झाडाची गंमत सांगतो, कारण ती त्यालाच आधी कळली. तो बघायचा ते सगळे व्हिडिओ कोरड्या हवेतल्या माणसांचे. घट्ट कळ्यांचे वाण मुळात हिंदुकुश पर्वताच्या बाजूच्या कोरड्या मुलखातले. दमट प्रदेशातली झाडं सुटसुटीत, विरळ फुलोऱ्याची असतात, त्यातून वारा खेळतो. मुंबईच्या ओल्या हवेत घट्ट कळी आतून कुजते, बुरशी धरते, आणि बाहेरून बराच वेळ काही दिसत नाही. शिवाय हे झाड शेवंतीसारखं: रात्र लांब आणि सलग अंधारी असली तरच नीट फुलतं. बोरिवलीत सलग अंधार कुठून आणायचा? गच्चीसमोर पालिकेचा एलईडी दिवा. थोडक्यात, या शहराच्या हवेला जे मानवतं ते विरळ आणि पानाळ आहे. त्याला मात्र हवं होतं कॅलिफोर्नियाचं.

यावर मी त्याला म्हटलं, "अरे, तुला साखळी तोडायची आहे की माल चांगला हवाय? साखळीच तोडायची असेल तर पाला का टोचतो तुला?" तो म्हणाला, दोन्ही. प्रामाणिक उत्तर होतं. आपल्या बहुतेक नैतिक निर्णयांत अशी एक चांगली आणि एक सोयीची बाजू असते, त्यात काही पाप नाही. पण मग नुसत्या चांगल्या बाजूचा हवाला देऊन चालत नाही.

आता कायदा. इथे गंमत संपते. झाड लावणं हा एनडीपीएसच्या विसाव्या कलमात वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण अशी पायरी नाही. एक कुंडी असो की एक एकर, शिक्षेची मर्यादा दहा वर्षं आणि एक लाख दंड. तोच मुलगा घाटकोपरला जाऊन पुडी विकत घेऊन आला तर मर्यादा एक वर्ष. म्हणजे ज्याला साखळीबाहेर पडायचंय त्याला कायदा म्हणतो, साखळीतच राहा, स्वस्त पडेल. मला या कायद्यातली सर्वात उफराटी गोष्ट हीच वाटते. धूळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, दरवर्षी कापूस, तूर, मक्याच्या आड लावलेला गांजा पोलीस उपटतात आणि जाळतात. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच केला: कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, गांजा लावायची परवानगी द्या. पोटासाठी लावणारा आणि हौसेसाठी एक कुंडी लावणारा, दोघंही एकाच ओळीत बसवलेत.

तरीही मी त्याला सांगितलं, लावू नकोस. कायदा न्याय्य आहे म्हणून नव्हे.

मिलचं तत्त्व मला मान्य आहे, पण त्याला जागा लागते. 'फक्त माझ्यावर परिणाम करणारी कृती' करायला आधी 'फक्त माझं' असं काहीतरी असावं लागतं. साडेचारशे चौरस फुटांत काय फक्त तुझं आहे? वास डक्टमधून तिसऱ्या मजल्यावर जातो. गच्ची सोसायटीची. झाडाला पाणी आई घालते, कारण तू सकाळी आठ-बाराची फास्ट पकडतोस. आणि फ्लॅट तिच्या नावावर आहे. कलम पंचवीस सांगतं की आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही दोषी. 'तिला माहीत नव्हतं' म्हणशील, पण या कायद्यात मनातला हेतू गृहीत धरला जातो, नसल्याचं आरोपीने सिद्ध करायचं असतं. मुंबईच्या अमली पदार्थविरोधी कक्षाची एक शाखा कांदिवलीला आहे, तुझ्यापासून दोन स्टेशनं तर नाहीच, एकच. साखळीतल्या अनोळखी हमालाच्या मानेवरचा फास तू काढलास, ठीक. पण तो नाहीसा झाला नाही. तू तो आईच्या गळ्यात घातलास, आणि तिला विचारलंही नाहीस.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हमालाच्या गळ्यात असला तर चालेल?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. 'ओढूच नकोस' हे उत्तर आहे, आणि ते मी दिलंही. पण त्याने उचललेला प्रश्न त्याने सुटत नाही. तो थांबला तरी गोण येतच राहणार, कारण अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड दोन्ही मार्गांवर गिऱ्हाईक आहे. आपल्या सुखाचा धोका जवळच्या माणसावर टाकायचा की लांबच्या? जवळच्यावर टाकणं निर्दयपणाचं वाटतं, कारण त्याचा चेहरा माहीत असतो. लांबच्यावर टाकताना काहीच वाटत नाही, पण तो काही कमी माणूस नसतो. किंबहुना आईला आपण विचारू तरी शकतो. ती नाही म्हणेल, आणि विषय संपेल. हमालाला विचारायची सोयच नाही. तेव्हा दोन्हीपैकी कमी वाईट काय, असं कुणी धरून बसलं तर मी कुंडीच म्हणेन, पण आईला सांगून लावलेली. अशी कुंडी बोरिवलीत किती लागतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

मित्राने शेवटी काही लावलं नाही. ओढणं सोडलं का, ते मी विचारलेलं नाही.

मला कायद्यात काय बदलावंसं वाटतं ते मोठं नाही. गांजा खुला करा की नको, हा वाद लांबचा आहे आणि त्यात कळीच्या ताकदीबद्दलची माझी भीती मला दोन्ही बाजूंना ओढते. पण त्या आधी करता येण्यासारखं बरंच आहे. एका कुंडीला आणि एका एकराला वेगळं मोजा. आणि जप्त मालाचं वजन करताना मॅजिस्ट्रेटसमोर पाला, काड्या, बिया वेगळ्या काढा, दोन आकडे लिहा, एक शेंड्यांचा आणि एक बाकीचा. कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नमुना जातोच, तिथे टीएचसीचं प्रमाणही मोजता येईल. ज्याच्यावर दहा वर्षं अवलंबून आहेत त्या गोणीसाठी एक माणूस आणि एक दुपार लागेल. नौगावचा पोद्दार उभ्या शेतातून चालत चालत नर आणि मादी ओळखायचा. वाळलेल्या गोणीतून पान आणि कळी वेगळी करणं त्याहून सोपं काम आहे.